पेटी आली, बिल्टी राहिली

या महिन्यात जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरून राहिले होते, एका झिपमधली फाइल दुसऱ्या झिपमध्ये टाकली की पासवर्डचं काय होतं. म्हणून यावेळी मोबाइल गरम होतो आणि वायफाय बेडरूमपर्यंत पोहोचत नाही वाले प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात. तसंही मे महिन्यात नागपुरात मोबाइल गरम नाही होणार तर काय होणार.

प्रश्न: भाऊ, नमस्कार. मी धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात काम करते. क्लायंट लोकं आपापले कागद पासवर्डवाल्या झिपमध्ये पाठवतात. सर म्हणाले वर्षभराचे सगळे मिळून एक झिप कर. मी सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरमध्ये एकेक उघडली, पासवर्ड टाकला, आतल्या फाइली डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ओढल्या आणि शेवटी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून नवीन झिप केली. ती पुढे पाठवली तर समोरच्याचा फोन, मॅडम ही तर पासवर्ड न विचारताच उघडली! मी पासवर्ड काढलाच नव्हता तर तो गेला कुठे?

उत्तर: ताई, तुम्ही काढला नाही हे खरं, पण ज्या क्षणी फाइल ओढून फोल्डरमध्ये टाकली त्या क्षणी तो निघाला. तुमची काही विशेष चूक नाही, मी म्हणेन दहातले नऊ जण असंच करतात, आणि कॉम्प्युटर एका शब्दानं सांगत नाही की बाई गं, कुलूप आता गेलं बरं.

आपल्याला वाटतं झिप म्हणजे एक पेटी आणि पेटीला एक कुलूप, तर तसं नसतं. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली, म्हणजे साइज कमी केलेली, आणि वेगळी कुलूपबंद असते. एकाच झिपमध्ये तीन फाइली कुलूपबंद आणि दोन उघड्या राहू शकतात, इतकंच काय तिघींचे तीन वेगळे पासवर्डही असू शकतात. इतवारीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला असाल तर चित्र डोळ्यासमोर येईल, गाडी एक पण माल वीस जणांचा, प्रत्येक पेटी वेगळी सील केलेली आणि प्रत्येकीची बिल्टी वेगळी. बिल्टीवर लिहिलेलं असतं आत काय, वजन किती, कोणाच्या ताब्यात द्यायची. झिपमध्येही प्रत्येक फाइलच्या आधी एक छोटा हेडर असतो, ३० बाइटचा आणि त्यापुढे फाइलचं नाव वगैरे, आणि झिपच्या शेवटी सगळ्यांची मिळून एक यादी असते, तिला सेंट्रल डिरेक्टरी म्हणतात. ही पेटी सीलबंद आहे, सील अमुक पद्धतीचं आहे, हे तिथे लिहिलेलं असतं, पेटीच्या अंगावर नाही.

आता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल हलवायचे रस्ते दोनच. एक, सील न तोडता पेटी बिल्टीसकट उचलून दुसरीकडे ठेवायची. दोन, सील तोडायचं, माल काढायचा, नव्या पेटीत भरायचा आणि नवं सील लावायचं. तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं गेलात आणि शेवटचं नवं सील राहून गेलं, कारण नवी झिप बनवताना सेव्हन-झिपच्या खिडकीत पासवर्डचा रकाना रिकामा असतो आणि तो रिकामा ठेवला तर ते काहीही न विचारता उघडी झिप बनवून देतं. जुना पासवर्ड त्याला माहीत असायचं कारणच नाही, त्याला फक्त फोल्डर दिसून राहिलं.

आता करायचं काय. सगळ्यात सोपं म्हणजे क्लायंटच्या झिप उघडूच नका, सगळ्याच्या सगळ्या झिप जशाच्या तशा एका मोठ्या झिपमध्ये टाका. प्रत्येकाचं कुलूप प्रत्येकापाशी राहतं. साइज कमी होणार नाही, कुलूपबंद डेटा पुन्हा दाबला जात नाही, पण तुम्हाला साइज कुठे वाचवायची आहे. वरच्या मोठ्या झिपलाही पासवर्ड लावा, म्हणजे आतल्या फाइलींची नावं झाकली जातात, कारण साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी नावं, साइज, तारखा कोणालाही दिसतात. अमुकतमुक_नोटीस_उत्तर अशा नावाची फाइल असली तर पासवर्ड नसला तरी माणूस समजायचं ते समजून जातो.

सगळं उघडून एकत्र करायचंच असेल तर शेवटी झिपऐवजी सेव्हन-झेड फॉरमॅट निवडा, पासवर्ड टाका आणि खाली फाइलींची नावंही एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायचा जो चौकोन असतो त्यावर टिक करा. तो चौकोन झिप निवडली की मिळत नाही. आणि झिपच हवी असेल तर कुलपाची पद्धत झिपक्रिप्टो (जुनी, कच्ची) असते ती बदलून एईएस-२५६ (पक्की) करा, सेव्हन-झिप आपणहून झिपक्रिप्टोच धरतं.

पाठवायच्या आधी तपासायची सवय लावा. बनलेली झिप सेव्हन-झिपमध्ये उघडायची आणि एन्क्रिप्टेड नावाचा कॉलम बघायचा, प्रत्येक फाइलीसमोर अधिकचं चिन्ह पाहिजे. मेथडच्या कॉलममध्ये एईएस-२५६ की झिपक्रिप्टो तेही दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणखी दोन गोष्टी, आवडणार नाहीत पण सांगतो. डेस्कटॉपवर तो उघडा फोल्डर अजून पडला असेल, तो हटवा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. मधेच एखादी फाइल झिपमधूनच डबल-क्लिक करून पाहिली असेल तर तिची उघडी कॉपी विंडोजच्या टेम्प फोल्डरात जाते, सेव्हन-झेड-ओ अशा अक्षरांनी सुरू होणारं फोल्डर असतं, सेव्हन-झिप नीट बंद झालं तर पुसलं जातं पण मधेच लाइट गेली तर ते तिथेच बसून राहतं, आणि उन्हाळ्यात लाइट जात नाही असं कोण म्हणेल. दुसरं म्हणजे ज्यांचे कागद उघडे गेले त्यांना सरांनी स्वतः फोन करून सांगावं. त्यात आधारच्या ऑफलाइन केवायसीची झिप असेल तर तिचा शेअर कोड मुळात चार आकडी, म्हणजे दहा हजार शक्यता, ते कुलूप तसंही दाराला लावलेल्या दोऱ्यासारखंच आहे. ती मोठ्या कुलपाच्या आतच ठेवायची.

प्रश्न: काका, मी महालात राहतो, आमचं जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. भाच्यानं एक फ्री सॉफ्टवेअर आणलं, त्यानं बऱ्याच झिप जोडून एक केली, न उघडता, पासवर्डही मागितला नाही. खूश झालो. आता त्यातली फाइल उघडायला गेलो तर बरोब्बर पासवर्ड टाकूनही चूक म्हणून राहिला. काहून? पासवर्ड कागदावर लिहिलेला आहे, माझ्याच हातानं, चुकायचा प्रश्नच नाही. जुन्या झिप आहेत त्यात तोच चालतो.

उत्तर: दादा, तुमच्या पासवर्डवर माझा पूर्ण विश्वास आहे. या भानगडीत माझ्या स्वतःच्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत एकदा, म्हणून जरा लांब सांगतो.

आधी एकच विचारतो, त्या सॉफ्टवेअरनं फाइलींची वेळ बदलली का? जोडलेल्या झिपमध्ये सगळ्या फाइलींची वेळ एकसारखी, म्हणजे रात्री बारा किंवा जोडली तेव्हाची, अशी दिसत असेल तर चोर सापडला.

होतं काय की झिपचं जे जुनं कुलूप आहे, झिपक्रिप्टो, ते १९८९ साली फिल कॅट्झच्या पीकेवेअर कंपनीनं झिप फॉरमॅट आणला त्या सुरुवातीच्या काळातलं. म्हणूनच झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिली दोन अक्षरं पी आणि के दिसतात. या कुलपात प्रत्येक फाइलीच्या डेटाआधी १२ बाइटचा एक तुकडा असतो, पासवर्डनं गुंडाळलेला. पासवर्ड टाकला की सॉफ्टवेअर आधी तो तुकडा उलगडतं आणि त्यातला शेवटचा बाइट कशाशी तरी जुळवून बघतं, जुळला तर पासवर्ड बरोबर, नाही तर चूक. कशाशी जुळवतं? एरवी फाइलीच्या सीआरसीशी, म्हणजे फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, त्यातल्या सगळ्यात वरच्या बाइटशी. पण कधीकधी झिप बनवताना सीआरसी आधी माहीतच नसतो, फाइल पूर्ण वाचल्यावर कळतो, तेव्हा हेडरमध्ये तिसऱ्या नंबरचा बिट चालू करून ठेवतात की बाबा खरे आकडे डेटाच्या मागे लिहिलेत, आणि मग हा पडताळणीचा बाइट सीआरसीऐवजी फाइलीच्या वेळेवरून घेतात. हो, घड्याळातल्या वेळेवरून!

झिपमध्ये वेळ दोन बाइटमध्ये लिहितात. वरच्या बाइटमध्ये तास आणि मिनिटांचा वरचा भाग, म्हणजे आठ-आठ मिनिटांचा एक गट. समजा तुमची फाइल ११ वाजून ४२ मिनिटांची आहे, तर ११:४० ते ११:४७ मधली कुठलीही वेळ चालते, बाइट तोच येतो. ११:४८ केली की बाइट बदलला आणि बरोबर पासवर्डसुद्धा चूक ठरला. तारीख बदलली तर काही होत नाही, ती वेगळ्या दोन बाइटांत आहे. वेळ बदलली की बोंबललं.

म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरनं पेटी एकदम व्यवस्थित उचलली, आतला माल आजही जसाच्या तसा आहे, फक्त बिल्टीवरची वेळ नीटनेटकी करायला गेलं. दुसराही एक प्रकार असतो, काही सॉफ्टवेअरं तो तिसरा बिटच बंद करून टाकतात, आता तर सगळे आकडे माहीत आहेत मग कशाला तो, असं त्यांना वाटतं. मग पुढचं सॉफ्टवेअर वेळेऐवजी सीआरसीशी जुळवायला जातं आणि पुन्हा तेच, चूक पासवर्ड.

जुन्या झिप तुमच्यापाशी आहेत हे फार चांगलं, जोडलेली फेकून द्या आणि वेळेला हात न लावणाऱ्या टूलनं पुन्हा जोडा. लिनक्स असेल तर इन्फो-झिपच्या ३.० आवृत्तीत झिप कमांडला कॅपिटल यू चा ऑप्शन आहे, तो एका झिपमधल्या एन्ट्री, म्हणजे आतल्या एकेक फाइली, न उघडता नव्या झिपमध्ये उतरवतो, अनेक झिप जोडत मात्र नाही, सोबत आउट हा ऑप्शन देऊन नव्या फाइलीचं नाव सांगावं लागतं. जोडून झालं की एक फाइल उघडून बघा आणि मगच मूळ झिपला निरोप द्या. मूळ झिप कोणापाशी नसतील आणि फक्त जोडलेलीच उरली असेल तर तरीही आशा आहे, दिवसभरात आठ मिनिटांचे गट म्हटले तर एका तासाचे ८ म्हणजे २४ तासांचे १९२, आणि स्कॅनिंग दुपारी झालं होतं एवढं आठवलं तरी त्यातले पाऊणएक गळतात. भाच्याला हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीचे बाइट सरळ बदलायचं सॉफ्टवेअर, वापरता येत असेल तर एकेक गटाची वेळ घालून बघता येते, एन्ट्रीच्या हेडरमध्ये दहाव्या बाइटपासून आणि शेवटच्या यादीत बाराव्या बाइटपासून, मोजणी शून्यापासून, वेळ लिहिलेली असते. कॉपीवर करायचं बरं का, मूळवर नाही.

जाता जाता, हा एकच बाइट असल्यामुळे उलटंही होतं, साफ चुकीचा पासवर्ड २५६ मध्ये एकदा पास होतो आणि मग शेवटी सीआरसी एरर येते. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. आधी पासवर्ड पुन्हा टाइप करून बघा.

प्रश्न: सर, मी मिहानमध्ये प्रोग्रामर आहे. विदर्भातल्या ११ जिल्ह्यांमधून आम्हाला एईएसवाल्या झिप येतात, प्रत्येकीत अहवाल नावाची एकच पीडीएफ. आम्हाला त्या न उघडता एकत्र करायच्या आहेत, पासवर्ड आमच्याकडे नाहीतच आणि नकोतही. मी स्वतः कोड लिहिला, बाइट टू बाइट कॉपी होतंय, पण एकत्र केलेली झिप उघडली की एका टूलमध्ये मेथड सपोर्ट नाही म्हणतं, दुसऱ्यात पासवर्ड चूक. आधी पायथॉनमध्ये करून बघितलं होतं, तिथे तर पुढेच जाता येईना.

उत्तर: पासवर्ड नकोत म्हणालास तिथेच मला तू आवडलास मित्रा. आता पायथॉनचं आधी संपवू. पायथॉनचं झिपफाइल मॉड्यूल एईएस वाचत नाही, फक्त जुनं झिपक्रिप्टो उलगडतं, आणि लिहिताना तर कुठलंच कुलूप लावत नाही. जुन्या कुलपाची एन्ट्री वाचून तिचाच झिपइन्फो पुढे देऊन लिहिली तर वाटतं सगळी माहिती सोबत आली, पण लिहिताना ते फ्लॅग, म्हणजे हेडरमधले कुलपाबिलपाच्या खुणेचे बिट, शून्य करतं आणि आत फाइल उघडी पडलेली असते. एरर नाही, वॉर्निंग नाही. धरमपेठेतल्या ताईंचंच झालं, फक्त कोडमधून.

तुझ्या कोडमध्ये मला वाटतं डेटा बरोबर येतोय आणि बिल्टीचा एक तुकडा गळतोय. विनझिपनं २००३ मध्ये जी एईएसची पद्धत आणली आणि आज सगळे तीच वापरतात, तिच्यात हेडरमधली कॉम्प्रेशन मेथड ९९ लिहितात. ९९ हा खरा मेथड नाहीच, तो नुसता इशारा आहे की खरं काय ते एक्स्ट्रा फील्डमध्ये, म्हणजे हेडरला जोडलेल्या जास्तीच्या रकान्यात, बघ. ते एक्स्ट्रा फील्ड हेक्समध्ये ९९०१ नंबरचं, आत फक्त ७ बाइट. दोन बाइट आवृत्ती, दोन बाइट ए आणि ई ही अक्षरं, एक बाइट चावीची लांबी (१ म्हणजे १२८, २ म्हणजे १९२, ३ म्हणजे २५६) आणि शेवटचे दोन बाइट खरी कॉम्प्रेशन मेथड, बहुतेक ८ म्हणजे डिफ्लेट, दाबायची नेहमीची पद्धत. हे सात बाइट गेले की पेटी सीलबंद, पण कुठल्या चावीची आणि आत काय पद्धतीनं भरलंय ते कोणालाच कळत नाही. तुझा कोड अनोळखी एक्स्ट्रा फील्ड गाळतो का ते बघ, साफसफाईच्या हौसेनं पुष्कळ जण गाळतात. आणि ते दोन जागी असतं, एन्ट्रीच्या हेडरमध्येही आणि शेवटच्या यादीतही, एकीकडे ठेवून दुसरीकडे गाळलं तर एका टूलमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही, मग माणूस टूललाच शिव्या देत बसतो.

पासवर्ड चूक वाला प्रकार मला वाटतं असा की कुठेतरी ९९ च्या जागी ८ लिहिला जातोय आणि एन्क्रिप्शनचा शून्य नंबरचा बिट चालूच राहतोय. मग वाचणाऱ्याला वाटतं हे जुनं झिपक्रिप्टो आहे, तो पहिले १२ बाइट त्या पद्धतीनं उलगडायला जातो, प्रत्यक्षात तिथे एईएसचं सॉल्ट, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळायचे आडवेतिडवे बाइट, बसलंय.

साइजकडेही बघ. एईएस-२५६ मध्ये डेटाच्या पुढे १६ बाइट सॉल्ट, २ बाइट पासवर्ड तपासायला आणि डेटाच्या मागे १० बाइट ऑथेंटिकेशन कोड (डेटाला कोणी हात लावला का ते तपासायला), असे २८ बाइट जास्तीचे, आणि हेडरमधल्या कॉम्प्रेस्ड साइजमध्ये ते धरलेले असतात. डिफ्लेट झालेला डेटा १००० बाइट असेल तर साइज १०२८. तू वजा करत असशील तर मागचे १० बाइट कापले जाऊन सगळं मुसळ केरात. आणखी एक गंमत, एईएसची जी दुसरी आवृत्ती आहे, एई-२, तिच्यात सीआरसी मुद्दाम शून्य ठेवतात, कारण सीआरसी उघडा ठेवला तर छोट्या फाइलीत काय असेल त्याचा अंदाज लावता येतो. कोणाचा तरी कोड तो शून्य बघून बिचारा सीआरसी राहून गेला म्हणून भरायला जातो. भरू नको. शून्यच बरोबर आहे.

थोडक्यात कॉपी करताना बदलायचा तो फक्त ऑफसेट, म्हणजे नव्या झिपमध्ये ही एन्ट्री कुठून सुरू होते तो आकडा, आणि शेवटच्या नोंदीत एकूण एन्ट्री किती वगैरे. ४ जीबीच्या वर गेलास तर झिप-६४ च्या एक्स्ट्रा फील्डमध्येही ऑफसेट असतो, तो नव्यानं लिही. फ्लॅग, मेथड, वेळ, सीआरसी, दोन्ही साइज, ९९०१, यांना हात लावायचा नाही.

आता तुझा न विचारलेला प्रश्न, अकराच्या अकरा फाइलींचं नाव अहवालच आहे. नाव बदललं तर चालतं! झिपक्रिप्टोमध्ये नाव कुठे वापरलेलंच नाही आणि एईएसचा ऑथेंटिकेशन कोड फक्त कुलूपबंद डेटावरून काढतात, हेडरवरून नाही. त्यामुळे वर्धा_अहवाल, गोंदिया_अहवाल असं पुढे जिल्ह्याचं नाव लाव, दोन्ही जागी लाव, नावाची लांबी वाढली की पुढचे ऑफसेट सरकतात तेवढं सांभाळ. अर्थात याचीच दुसरी बाजू अशी की मधल्या कोणी गोंदियाला गडचिरोली करून टाकलं तर कुलूप चुप्प बसणार आहे. नावावर भरवसा ठेवायचा असेल तर अकरा जिल्ह्यांची यादी वेगळी सही करून पाठवा.

गो भाषेत लिहायची तयारी असेल तर २०२१ च्या १.१७ पासून तिथल्या झिप रायटरमध्ये कॉपी नावाचं फंक्शनच आहे, ते एन्ट्री न उलगडता उचलतं. आणि अकरा जिल्ह्यांचे अकरा पासवर्ड असतील तर उघडणाऱ्याला आधीच सांगून ठेव, काही टूल प्रत्येक फाइलीला परत पासवर्ड विचारतात, काही पहिल्याच पासवर्डवर अडून एरर देऊन मोकळी होतात.

प्रश्न: पासवर्डवाली झिप पेनड्राइव्हवर कॉपी केली, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर पासवर्ड निघून जातो का? आमच्या शाळेत सगळे म्हणतात निघतो. (नंदनवन)

उत्तर: नाही निघत, बाई. झिप पूर्ण अख्खी हलवली तर ट्रकच जहाजात चढवल्यासारखं आहे, आत कोणी डोकावत नाही. गोंधळ झिपमधून फाइल बाहेर काढली की सुरू होतो. पासवर्ड त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खाली टाइप करू नका म्हणजे झालं, तेवढं मात्र सगळे करतात.

प्रश्न: रामराम भाऊ. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. बहाराप्रमाणे हिशोबाच्या फाइली ठेवतो, नावं मराठीतच, अंबिया_बहार, मृग_बहार अशी. मुलानं जुन्या झिपमधून नवीन झिपमध्ये फाइली नेल्या तर नावांच्या जागी सगळे विचित्र अक्षरं येऊन राहिले. पासवर्ड टाकला तर फाइल उघडते, आत हिशोब ठीक आहे. नावं परत येतील का?

उत्तर: येतील, रामराम. कुलपाचा संबंध नाही यात पण रोग तोच, बिल्टीवरची एक खूण गेली. झिपच्या हेडरमध्ये ११ नंबरचा एक बिट असतो, तो चालू असला की नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं समजतात. तो बंद पडला की वाचणारं सॉफ्टवेअर जुन्या काळातल्या डॉसच्या अक्षरमालेतून नाव वाचायला जातं, आणि तिथे देवनागरी नावालाही नाही. एका देवनागरी अक्षराचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात, म्हणून तुमच्या छोट्या नावाच्या जागी तिप्पट लांब कचरा दिसत असेल. बाइट तेच आहेत, वाचायची पद्धत चुकून राहिली. मुलाला म्हणा मूळ झिपमधूनच पुन्हा सेव्हन-झिपनं काढून नवीन बनव. नवी बनवताना पासवर्ड टाकायला विसरू नका, नाहीतर वरच्या ताईंसारखं होईल. आणि मराठी नावं बदलून इंग्रजी करा असा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका, बिट आहे त्यासाठीच.

प्रश्न: विंडोजमध्ये मी काही फाइली प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्क्रिप्ट केल्यात, त्यांची नावं हिरवी दिसतात. त्या झिपमध्ये टाकल्या तर एन्क्रिप्टेडच राहतात ना? (खामला)

उत्तर: नाही. हिरवं नाव म्हणजे ते कुलूप विंडोजच्या डिस्कचं आहे, तुम्ही लॉगिन केलं की तुमच्यासाठी आपोआप उघडतं, आणि झिप करणारं सॉफ्टवेअर तुमच्याच नावानं चालतं म्हणून त्याला उघडीच फाइल मिळते. झिपमध्ये उघडीच जाते. पूर्ण ड्राइव्हला बिटलॉकर लावलेलं असेल तरी तीच गत. झिपला वेगळा पासवर्ड लावा. याउलट एक्सेल किंवा वर्डला फाइल उघडतानाचा जो पासवर्ड आतून लावता येतो, किंवा पासवर्डवाली पीडीएफ, त्यांचं कुलूप फाइलीच्या पोटात असतं, ती कितीही झिपमधून फिरवा, सोबत जातं. मला विचाराल तर जी फाइल दहा हातांतून जाणार आहे तिला हेच बरं. आणि हिरव्या फाइली असणाऱ्यांनी विंडोज फॉरमॅट करण्याआधी त्यांचं सर्टिफिकेट बॅकअप घ्यावं, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

प्रश्न: बर्डीवरच्या एका दुकानात म्हणाले झिपचा पासवर्ड विसरला असेल तर काढून देतो. खरंच निघतो का? जुने लग्नाचे फोटो आहेत.

उत्तर: कुठलं कुलूप आहे त्यावर आहे. दुकानात जायच्या आधी झिप सेव्हन-झिपमध्ये उघडून मेथडचा कॉलम बघा, नावं दिसतात तशी पद्धतही पासवर्ड न टाकता दिसते. एईएस-२५६ असेल आणि पासवर्ड लांब असेल तर कोणीही काही म्हणो, फक्त अंदाज लावत बसणं एवढाच मार्ग आहे. झिपक्रिप्टो असेल तर ते कुलूप १९९४ मध्येच बिहॅम आणि कोचर या दोघांनी फोडून दाखवलंय, झिपमधल्या एखाद्या फाइलीचा थोडासा, म्हणजे बाराएक बाइटचा उघडा भाग ठाऊक असला तर पासवर्ड न कळताही त्याच पासवर्डनं बंद केलेल्या सगळ्या फाइली उघडता येतात. फोटो साधारण न दाबताच झिपमध्ये ठेवलेले असले तर काम आणखी सोपं, दाबलेले असले तर अवघड. म्हणून त्यातला एखादा फोटो, मूळ, एडिट न केलेला, कोणाच्या मोबाइलमध्ये, मावशीच्या पेनड्राइव्हमध्ये कुठे सापडतो का ते आधी शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चालणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप फोटो नव्यानं दाबतं. आणि दुकानात झिपची कॉपी द्या, मूळ घरीच ठेवा.